आन्सीचं जुनं गाव नीट बघायचंय? मग तळ्यापासून सुरू करा आणि पाण्याबरोबर चाला

जिनिव्हाकडे कोणी पाहुणे आले की एक दिवस शामोनी, एक दिवस इंटरलाकेन, आणि मग उरलेल्या अर्ध्या दिवसात "ते आन्सी पण करून टाकू" असं ठरतं. दुपारी बाराला भर गर्दीत पोचायचं, एका पुलावर फोटो, हातात आइस्क्रीम, चारला परत. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आल्प्सच्या पायथ्याशी तळ्याकाठी इतकं जुनं, इतकं धडधाकट आणि अजून लोक राहत असलेलं गाव सहज सापडत नाही, आणि ते दुपारी बारा ते चारमध्ये दिसतच नाही, दिसतात ती फक्त माणसं.

माझं सांगणं सरळ आहे. एक रात्र मुक्काम करा, सकाळी आठच्या आत बाहेर पडा, आणि तळ्याकडून सुरुवात करून पाणी जिकडे वाहतं तिकडे चालत जा. या गावाची मांडणी पाण्याने केलेली आहे, त्यामुळे पाण्याच्या मागे गेलं की सगळं आपोआप कळत जातं, नकाशा लागत नाही.

आधी थोडी ओळख

आन्सी फ्रान्सच्या ओत-साव्हुआ जिल्ह्यात आहे, उंची साधारण ४४७ मीटर. तळं जवळपास १५ किलोमीटर लांब, क्षेत्रफळ २७ चौरस किलोमीटरच्या आसपास, हिमनद्या वितळून तयार झालेलं. त्या तळ्यातलं जादाचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथेच गाव वसलंय. ती नदी म्हणजे तिऊ, जेमतेम साडेतीन किलोमीटर लांब, पुढे फिएर नदीला मिळते आणि ते पाणी शेवटी र्‍होन नदीत जातं. नदी छोटी असली तरी तिच्या मागे अख्खं तळं आहे, म्हणून बाराही महिने पाणी. पूर्वी इथल्या गिरण्या, कारखाने, सगळं या पाण्यावर चालायचं.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, हा भाग १८६० पर्यंत फ्रान्समध्ये नव्हताच. सव्हॉयच्या घराण्याचा मुलूख, शेवटी सार्डिनियाच्या राज्यात होता आणि १८६० च्या करारानंतर फ्रान्सकडे आला. म्हणून कमानी, रंगवलेल्या भिंती, अरुंद गल्ल्या बघताना इटलीची आठवण येते, तसं वाटलं तर चूक नाही.

पोचायचं कसं

जिनिव्हा एअरपोर्टपासून अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. थेट बस आहेत, ट्रॅफिकप्रमाणे एक ते दीड तास. ट्रेनने यायचं तर लेमान एक्सप्रेसची एल२ लाइन जिनिव्हाहून आनमासमार्गे आन्सीला येते, दीड तास धरा, बसपेक्षा हळू पण मला तीच आवडते. पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनवरून थेट टीजीव्ही (वेगवान ट्रेन) आहे, पावणेचार तासांच्या आसपास. लियोंवरून लोकल प्रकारची ट्रेन, दोन तास.

स्टेशनवरून जुनं गाव चालत दहा मिनिटांवर. टॅक्सी करू नका, आतमध्ये गाड्या जातच नाहीत.

गाडीने येणार असाल तर जिनिव्हाकडून येणाऱ्या ए४१ मोटरवेला टोल आहे, आणि स्विस मोटरवे वापरला तर त्याचं वार्षिक स्टिकर वेगळं. पार्किंग ओतेल द व्हील, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीखाली आहे, बोनलिऊ या सांस्कृतिक केंद्रापाशी आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहानंतर जागा मिळणं कठीण.

दोन छोट्या गोष्टी लोक विसरतात. इथे युरो चालतो, स्विस फ्रँक नाही. आणि स्विस सिमकार्ड असेल तर बॉर्डर ओलांडली की रोमिंग सुरू, घरून निघतानाच प्लॅन बघा. व्हिसा शेंगेनचा एकच चालतो पण पासपोर्ट जवळ असू द्या, बॉर्डरवर तपासणी होते कधीकधी.

वार कुठला निवडायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या गावात बाजार भरतो मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी, फक्त सकाळी. आणि किल्ल्यातलं म्युझियम उन्हाळ्याचे महिने सोडले तर मंगळवारी बंद असतं. रविवारी बाजार फुल असतो पण आजूबाजूच्या सगळ्या गावांतून लोक येतात आणि बाकीची बरीच दुकानं बंद. त्यामुळे हिशोब केला तर शुक्रवार सगळ्यात बरा, गुरुवारी संध्याकाळी पोचायचं, रात्री राहायचं आणि शुक्रवारी सकाळी आधी रिकामं गाव बघायचं मग भरलेला बाजार.

महिना विचाराल तर मे, जूनचा सुरुवातीचा भाग आणि सप्टेंबर. जूनमध्ये इथे अ‍ॅनिमेशन फिल्मचा मोठा फेस्टिव्हल असतो, १९६० पासून चालू आहे, त्या आठवड्यात हॉटेलं मिळत नाहीत आणि मिळाली तर भाव बघवत नाहीत. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी तळ्यावर प्रचंड आतषबाजी असते, तेव्हाही तेच. ऑक्टोबरमध्ये एका शनिवारी उंचावरच्या कुरणांतून गुरं खाली आणतात आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गायी जुन्या गावातून चालत जातात, ते जमलं तर जरूर धरा, थंडीचे कपडे मात्र पाहिजेत.

आता चालायला सुरुवात

पहिला टप्पा तळ्याचा काठ. सकाळी जार्दँ द ल्युरोप या बागेत या. इथे क्लोद-लुई बर्तोले यांचा पुतळा आहे, याच तळ्याकाठच्या तालोआर गावात १७४८ साली जन्मलेले केमिस्ट, कपडे पांढरे करायला क्लोरीन वापरायची पद्धत त्यांनी काढली. बागेच्या एका बाजूला व्हासे कालवा आणि त्यावर तो प्रसिद्ध पों देझामूर पूल, पलीकडे पाकिए नावाचं मोठं हिरवळीचं मैदान. पुलावर संध्याकाळी रांग लागते फोटोला, सकाळी सातला तुम्ही आणि बदकं. समोर तळं, मागे डोंगर, त्यात सगळ्यात उंच तो तूर्नेत, २३५१ मीटर. इथे फार रेंगाळू नका, संध्याकाळी परत यायचंच आहे.

दुसरा टप्पा, बागेच्या दुसऱ्या बाजूला या जिथून बोटी सुटतात. ही तिऊची सुरुवात. पाणी बघा आधी, तळ दिसतो, दगड मोजता येतील इतकं स्वच्छ. तिऊच्या काठाकाठाने गावाकडे चालायला लागा, समोर पांढरट दर्शनी भागाचं सँ फ्रांस्वा द साल यांचं चर्च येईल आणि लगेच पेरिएर पूल.

तिसरा टप्पा म्हणजे हा पेरिएर पूल, आणि इथे थांबा. समोर पाण्याच्या मधोमध एक दगडी इमारत उभी आहे, तिचं टोक जहाजाच्या नाळेसारखं प्रवाहाला भिडलेलं. हा पॅले द लील, बाराव्या शतकापासूनचा. इथे कधी अधिकाऱ्याचं घर होतं, कधी न्यायालय, टांकसाळ, आणि सगळ्यात जास्त काळ तुरुंग, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, आणि दुसऱ्या महायुद्धात परत एकदा तुरुंग म्हणून वापरला. १९०० साली संरक्षित वास्तू जाहीर झाला. लोक फोटो काढून पुढे जातात पण तुम्ही जरा कठड्यावर वाकून बघा. पाणी त्या टोकावर येऊन दुभंगतं, दोन्ही बाजूंनी भिंतींना घासत जातं, पायाचे दगड खालून शेवाळलेले आणि वरचे कोरडे राखाडी, मधल्या रेषेवरून पाण्याची नेहमीची पातळी कळते. ही पातळी अशीच सोडलेली नाही, गावात पुढे लोखंडी दारं बसवलेली आहेत पाणी अडवायला आणि सोडायला, त्यांच्यावर तळ्याची उंची सांभाळली जाते. चालताना ती दारं दिसतील, पाण्याचा आवाज तिथे एकदम वाढतो.

फोटोचं गणित असं की पुलावरून बघताना तुमचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन थेट त्या टोकावर पडतं. दुपारनंतर ऊन डोळ्यांत आणि इमारत काळी. त्यामुळे आठ ते दहा ही वेळ, आणि जरा बाजूला उभं राहून काढा, मधोमध सगळेच काढतात.

आत जायचं का? आत छोटं प्रदर्शन आणि जुन्या कोठड्या आहेत, तिकीट जास्त नाही. पण वेळ कमी असेल तर मी म्हणेन किल्ल्याला द्या, ही इमारत बाहेरूनच जास्त बोलते.

चौथा टप्पा, प्रवाहाबरोबर के द लील या काठावरच्या रस्त्यावरून पुढे मोरँस पुलापर्यंत. दोन्ही बाजूंना खिडक्यांतून लोंबणारी जिरेनियमची फुलं, पाण्यालगत हॉटेलांच्या खुर्च्या. सकाळी खुर्च्या उलट्या घातलेल्या असतात आणि सामानाच्या गाड्या येऊन गेलेल्या असतात, गाव कामाला लागताना बघायला मला फार आवडतं.

पाचवा टप्पा, डाव्या हाताच्या काठावरची र्‍यू सँत क्लेर. ही जुन्या गावाची मुख्य गल्ली, दोन्हीकडे बुटक्या जाड कमानी आणि कमानींखाली दुकानं, पाऊस असला तरी भिजत नाही. १८ नंबरचं घर शोधा. आंत्वान फाव्र नावाचे न्यायाधीश इथे राहायचे, आणि त्यांनी बिशप फ्रांस्वा द साल यांच्याबरोबर १६०६-०७ च्या हिवाळ्यात इथे एक अकादमी काढली, फ्लोरिमोंतान नावाची. पॅरिसची फ्रेंच अकादमी १६३५ ची, म्हणजे या डोंगरातल्या छोट्या गावाने राजधानीच्या आधी पाव शतकाहून जास्त काळ हे केलं. गल्लीच्या शेवटी सँत क्लेरची वेस आहे, तिथपर्यंत जा आणि वेशीतून मागे वळून बघा, कमानींची पूर्ण ओळ इथूनच नीट दिसते.

सहावा टप्पा, चढ. किल्ल्याकडे जाणाऱ्या दोन-तीन चढणी आहेत, सगळ्या गोट्यांच्या, म्हणजे गोल दगड बसवलेल्या, आणि खड्या, बाबागाडी घेऊन जाऊ नका, गुडघे दुखत असतील तर सावकाश. किल्ला जिनिव्हाच्या काउंटांचा, मग जेनव्हुआ-नमूर घराण्याच्या ड्यूकांचा, बाराव्या ते सोळाव्या शतकापर्यंत भर पडत गेलेला. सगळ्यात जुना भाग राणीचा बुरूज, त्याच्या भिंती बघून कळतं की हे घर नंतर झालं, आधी संरक्षण. पुढे १९४७ पर्यंत इथे सैन्याची बराक होती, मग नगरपालिकेने विकत घेऊन म्युझियम केलं. आत तळ्याच्या निसर्गाबद्दलचा विभाग आहे तो मुलांना आवडतो. म्युझियम नको असलं तरी वर याच, सगळ्या गावाची छपरं खाली दिसतात, आणि त्यातून पाणी कुठून कुठे गेलंय ते एका नजरेत कळतं. आत्ता खालून चालत आलात त्याचा नकाशा इथे मिळतो.

सातवा टप्पा नदीच्या पलीकडचा, र्‍यू झाँ-झाक रूसो. इथे सँ पिएर कॅथेड्रल, सोळाव्या शतकातलं, आधी फ्रान्सिस्कन साधूंचं होतं. जिनिव्हात प्रोटेस्टंट सुधारणा झाली तेव्हा तिथल्या कॅथलिक बिशपना शहर सोडावं लागलं आणि ते आन्सीला येऊन बसले, पदवी मात्र जिनिव्हाचे बिशप हीच. त्यातले सगळ्यात मोठे हे फ्रांस्वा द साल, १६०२ ते १६२२ बिशप. शेजारी जुन्या बिशपवाड्याच्या आवारात एक सोनेरी कठडा दिसेल, तो चुकवू नका. तरुण रूसो, पुढे प्रसिद्ध झालेला विचारवंत लेखक, १७२८ मध्ये घर सोडून आन्सीला आला आणि इथेच त्याला पुढे आधार देणाऱ्या मादाम द व्हाराँसला पहिल्यांदा भेटला, आणि म्हातारपणी त्याने लिहून ठेवलं की त्या जागेला सोन्याचा कठडा घालावासा वाटतो. गावाने दोनशे वर्षांनी, १९२८ ला, तो खरोखर घातला.

आणि इथे नागपूरकरांसाठी एक गोष्ट, जी इथे येणाऱ्या फार थोड्यांना माहीत असते. नागपूरचं एसएफएस हायस्कूल, सेमिनरी हिल्सवरचं एसएफएस कॉलेज, यातलं एसएफएस म्हणजे हेच सेंट फ्रान्सिस डी सेल्स. त्यांच्या नावाने आन्सीत १८३८ साली मिशनऱ्यांचा एक संघ निघाला, त्यांचे लोक १८४५ मध्ये जहाजाने निघून विशाखापट्टणमला आले आणि तिथून नागपूरकडे. म्हणजे तुम्ही एसएफएसचे विद्यार्थी असाल तर तुमच्या शाळेच्या नावाचं मूळ या गल्ल्यांत आहे. सेंट फ्रान्सिस यांच्या अस्थी वरच्या टेकडीवरच्या व्हिझितास्यों बॅसिलिकात ठेवल्यात, चालत वीसेक मिनिटं चढ आहे, संध्याकाळी तिथून तळं पण दिसतं, एसएफएसवाल्यांनी तरी नक्की जावं.

बाजार आणि पोटपूजा

दहापर्यंत परत सँत क्लेर गल्लीत या. चीजच्या टपरीपुढे रांगेत उभं राहा आणि आपला नंबर आला की आधी "बोंझूर" म्हणा, मग काय हवं ते. हे इथे फार पाळतात, थेट बोट दाखवून "दॅट वन" म्हटलं की समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. रब्लोशों घ्या. हे या डोंगरांचं खास चीज, पाऊण वीत रुंदीची चपटी चकती, वजन साधारण ४५० ग्रॅम, बाहेरून केशरी-पिवळं आणि त्यावर पांढरी बुरशी. सालीवर एक छोटी रंगीत टिकली चिकटवलेली असते ती बघा, हिरवी असेल तर एकाच शेतावरच्या गायींच्या दुधाचं तिथेच केलेलं, लाल असेल तर अनेक शेतांचं दूध एकत्र करून डेअरीत केलेलं. हिरवं घ्या, थोडं महाग पण चव वेगळी. जुनी कथा अशी सांगतात की दुधाच्या मापावर खंड द्यावा लागायचा म्हणून शेतकरी अर्धवटच दूध काढायचे, मोजणारा माणूस गेला की परत काढायचे, आणि ते मागचं दाट दूध या चीजला लागायचं. अंगठ्याने हळूच दाबून दाखवतात विकणारे, मऊ लागलं तर आजच खायचं, घट्ट असेल तर चार दिवस टिकेल.

शुद्ध शाकाहारी मंडळींनी नीट वाचा. रब्लोशों आणि इथली बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा पदार्थ) बनतात, तुम्हाला ते चालत नसेल तर चीज सोडा. तार्तिफ्लेत हा बटाटा-चीजचा पदार्थ सगळीकडे दिसेल, त्यात डुकराचे तुकडे असतातच, "सां लार्दों" म्हणून विचारा, काही ठिकाणी वेगळं करून देतात. फोंद्यूमध्ये, म्हणजे ब्रेड बुडवून खायच्या वितळलेल्या चीजमध्ये, पांढरी वाइन असते. रब्लोशों कच्च्या दुधाचं असतं, गरोदर बायकांनी टाळावं. सगळ्यात सोपं म्हणजे बाजारातूनच ब्रेड, टोमॅटो, अक्रोड, चेरी किंवा जर्दाळू घ्यायचे आणि पाकिएच्या हिरवळीवर बसून खायचं. मासे खाणाऱ्यांनी तळ्यातला फेरा किंवा ओंब्ल शव्हालिए मेनूवर दिसला तर घ्यावा, पण तळ्याचाच आहे का ते विचारून.

हॉटेलात जेवायचं तर १२ ते २ आणि संध्याकाळी ७ नंतर, मधे किचन बंद. पाणी मागताना "कराफ दो" म्हणा, नळाचं पाणी फुकट मिळतं आणि चांगलं असतं. पाण्यालगतच्या हॉटेलांत जागेचे पैसे असतात हे धरून चला, दोन गल्ल्या आत तेच जेवण जरा स्वस्तात आणि शांततेत.

तळं, आणि ते इतकं स्वच्छ का

हे मला नेहमी सांगावंसं वाटतं. हे तळं कायम असं नव्हतं. १९४०-५० च्या सुमारास आजूबाजूच्या गावांचं आणि हॉटेलांचं सगळं सांडपाणी यातच यायचं, पाणी गढूळ व्हायला लागलं, मासे कमी झाले. पोल सेर्व्हताझ नावाच्या इथल्याच डॉक्टरांनी हा विषय लावून धरला, तळं मरतंय म्हणून लोकांना आणि गावच्या पुढाऱ्यांना सांगत राहिले. १९५७ मध्ये काठावरच्या गावांनी मिळून एक संस्था काढली आणि तळ्याभोवती गोल ड्रेनेज लाइन टाकायला घेतली, जेणेकरून सांडपाण्याचा एक थेंबही तळ्यात न जाता सगळं तळ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या शुद्धीकरण केंद्रात जाईल. काम पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागली, पैसा गेला, पण केलं. आज युरोपातल्या सगळ्यात स्वच्छ तळ्यांत याचं नाव घेतात. पेरिएर पुलावरून सकाळी जो तळ दिसला तो या लोकांमुळे.

म्हणून पोहायचे कपडे आणा. मार्कीझा आणि आल्बिन्यी हे किनारे गावातून चालत जाण्यासारखे आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २२-२४ अंशांपर्यंत जातं, जूनमध्ये गार लागतं. काठापासून खोली एकदम वाढते काही ठिकाणी, मुलांना लाइफगार्ड असलेल्या हद्दीतच सोडा.

पोहायचं नसेल तर तासाभराची बोटफेरी, तिऊच्या तोंडापासून सुटते. किंवा सायकल, तळ्याभोवतीची पूर्ण फेरी ४० किलोमीटरच्या आसपास आहे, पश्चिमेचा काठ सपाट आणि जुन्या रेल्वेच्या मार्गावरून गेलेला, पूर्वेला चढ लागतात. मुलं बरोबर असतील तर पश्चिमेकडून जाऊन त्याच वाटेने परत या. सायकल शनिवार-रविवारी आधी बुक करा. आणि दुपारी डोंगरावर काळे ढग जमले तर बोट, पेडलबोट, काहीही घ्यायचं नाही, इथे वादळ अर्ध्या तासात खाली उतरतं. त्या वेळेला किल्ल्यातलं म्युझियम उपयोगी पडतं, तिकीट तेव्हासाठी राखून ठेवलं तरी चालेल.

बूट मऊ तळव्याचे घाला. मोठ्या बॅगा हॉटेलात ठेवूनच निघा, गोट्यांवरून चाकं ओढत नेली तर सकाळी सातला अख्खी गल्ली जागी होते आणि वरच्या मजल्यांवर लोक राहतात. परतीची जिनिव्हाची शेवटची बस किंवा ट्रेन किती वाजता आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा, रविवारी फेऱ्या कमी असतात. काही अडलं तर टुरिस्ट ऑफिस बोनलिऊच्या इमारतीत आहे, तिथे इंग्लिश बोलतात आणि बाजार, म्युझियमच्या त्या आठवड्याच्या वेळा छापील मिळतात.